शाळा सोडल्याचं कारण

सर्व्हेवाली मुलगी आली तेव्हा सुंदराबाई तांबे बहिणीच्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. मे महिन्याचे दिवस. हात कोपरापर्यंत लाल झालेले, पुढ्यात टोपभर बिया. मुलगी रत्नागिरीहून आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. साठीच्या पुढच्या माणसांची माहिती तिला गोळा करायची होती. वय काय, औषधं कुठली, पेन्शन आहे का, असं एकेक विचारत ती शिक्षणाशी आली.

"आजी, शिक्षण?"

"सातवी."

मुलीनं काचेवर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न काढला.

"पास," सुंदराबाई म्हणाल्या. "सातवी पास. पहिल्या नंबरानं."

मुलगी ओशाळून हसली. "नंबर लिहायला इथं जागाच नाहीये हो, आजी."

तेवढ्यात दर्शना, सुंदराबाईंची धाकटी बहीण, पाणी घेऊन बाहेर आली. दर्शना हायस्कुलात पस्तीस वर्षं मराठी शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. आता माहेरच्या वाडीतच घर बांधून राहत होती. तिचंही वय नुकतंच साठीला टेकलं होतं, त्यामुळे तिलाही प्रश्न झाले. एम.ए., बी.एड. म्हटल्यावर मुलीचा चेहरा उजळला. "मॅडम, सकाळपासून ही वाडी फिरतेय. साठीच्या पुढच्या बायकांत दहावी झालेल्या तुम्ही एकट्याच निघालात."

मुलगी गेली. दर्शनाची मास्तरकीची सवय काही गेली नव्हती. तिनं जुन्या वहीचं मागचं पान काढलं आणि घर क्रमांक एकपासून वाडी मोजायला घेतली. चौतीस उंबरे. साठीच्या पुढची सव्वीस माणसं. त्यात दहावी झालेली चार. तीन बाप्ये आणि ती स्वतः. चाळिशी ते साठीमधली साधारण निम्मी. अठरा ते तिशीमधलं एकही माणूस दहावीच्या अलीकडे नाही. मधल्या काळात सड्यावरून, कातळाच्या पठारावरून रस्ता झाला, एस.टी. आली, रस्त्यापलीकडे हायस्कूल आलं. त्याचाच हिशेब पानावर उमटल्यासारखा दिसत होता.

"मी कुठं ह्यात?" सुंदराबाईंनी विचारलं.

"माहेरवाशीण म्हणून तुलाही धरलंय. तू ह्या बावीस जणांत."

सुंदराबाईंनी त्या आकड्याकडे पाहिलं, मग हातातल्या रातांब्याकडे. टोप रिकामा केला, हात धुतले, आणि सडा ओलांडून अर्ध्या तासावरच्या आपल्या घरी चालत गेल्या.

पूर्णगडच्या खाडीपासून वर चढून आत गेलं की हा सडा लागतो. अलीकडच्या गावात सुंदराबाईंचं माहेर, पलीकडच्या गावात सासर. लहानपणी भिकू पवारांची ही थोरली पोर सगळ्या शाळेत हुशार म्हणून माहीत होती. आठल्ये गुरुजी फळ्यावर गणित मांडेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. एकोणीसशे पंच्याहत्तर साली ती सातवीत पहिली आली. दुसरा आला गुरुप्रसाद, गावातल्या बागायतदारांचा मुलगा. त्या काळात आठवीला जायचं म्हणजे रत्नागिरी गाठायची. भिकू पवारांनी पायी चार खेपा मारल्या आणि मुलींच्या वसतिगृहात एक जागा मिळवली. सुंदराची पत्र्याची पेटी भरली गेली. दोन परकर, एक टॉवेल, एक पितळी तांब्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिची आई हौसा बाळंत झाली आणि तिनं अंथरूणच धरलं. बाळ जगलं, पण आईला उठून बसवेना. घरात दुसरी बाई नव्हती. दर्शना दहा वर्षांची. भिकू पवार दारात उभे राहून पेटीकडे बघत राहिले. शेवटी सुंदराच म्हणाली, "आबा, पुढच्या साली जाईन."

पुढच्या साली आई भिंतीला धरून चालायला लागली, पण शेत, गुरं, पोर हे सगळं तोवर सुंदराच्या हातात आलं होतं. तिसऱ्या साली वसतिगृहाच्या बाईंचा निरोप आला की तुमच्या गावची जागा अजून ठेवली आहे, मुलगी पाठवता का? तेव्हा दर्शना सातवी झाली होती. आबांनी दोघींकडे पाहिलं. सुंदरानं पेटीतले आपले परकर काढले आणि दर्शनाचे घातले. एस.टी. पकडायला चार मैल चालायचं होतं. पेटी सुंदरानं डोक्यावर घेतली होती.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा मुंबईला गोदीत कामाला. गणपतीला आणि मे महिन्यात घरी यायचा. एक मुलगा झाला, अमरदीप. तो शिकून रत्नागिरीला कोर्टात कारकून लागला. सुंदराबाईंनी भात लावलं, नाचणी काढली, आणि आंब्याच्या दिवसांत गुरुप्रसादच्या बागेत वीस वर्षं पेट्या भरल्या. गुरुप्रसाद बांधकाम खात्यात नोकरीला होता. हंगामात रजा टाकून बागेत यायचा. आंब्यांचे डझन, पेट्या, गाडीत किती बसतील याचा आकडा तो कागदावर मांडायच्या आत सुंदराबाई बसल्या जागेवरून सांगायच्या. तो मान वर करून बघायचा आणि परत खाली घालायचा. एवढंच. शाळेचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

आता नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. अमरदीप रत्नागिरीला बोलवत होता, पण सुंदराबाईंना घर सोडवत नव्हतं.

सर्व्हेनंतर आठवडाभरानं त्या परत दर्शनाकडे आल्या. वाळवलेली आमसुलं डब्यात भरता भरता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "दर्शना, तुझ्या शाळेत ती लग्न झालेली पोर नव्हती काय, बाहेरून दहावीला बसली होती? कसला तो फॉर्म?"

"सतरा नंबरचा."

"वय काय होतं तिचं?"

"असेल बावीस-तेवीस."

"त्याला वरनं वयाची अट हाय?"

दर्शनानं हातातला डबा खाली ठेवला. "नाही, आक्का," ती म्हणाली. "वरून अट नाही."

"मला जमंल काय गो आता?"

दर्शनानं होकाराची मान हलवली. आणि लगेच, मास्तरीण असल्यामुळे, पाठोपाठ सांगून टाकलं, "इंग्रजी आणि गणित जड जाईल. आधीच सांगून ठेवते."

फॉर्म भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला लागतो. सुंदराबाईंकडे तो नव्हताच. कधी काढलाच नव्हता, कारण कुठं द्यायचाच नव्हता. पाऊस जरा ओसरल्यावर दोघी बहिणी गावच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका श्रद्धा मॅडम पस्तिशीच्या, कोल्हापूरकडच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटाच्या तळातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडाची बांधणी, कडेला वाळवीनं खाल्लेलं. पंच्याहत्तर सालाचं पान सापडायला वेळ लागला.

"सापडलं. पवार सुंदरा भिकू. जन्मतारीख एक जून बासष्ट."

"ती गुरुजींनी घातलेली," सुंदराबाई म्हणाल्या. "खरी कुणाला ठावक?"

श्रद्धा मॅडम बोट फिरवत पुढच्या रकान्यांवर गेल्या. प्रगती: उत्तम. वर्तणूक: चांगली. तिथून पुढं त्यांचं बोट थांबलं. त्यांनी रजिस्टर हळूच सुंदराबाईंकडे वळवलं. "आजी, हे तुम्हीच वाचा."

सुंदराबाईंनी चष्मा लावला. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर ओळखीचं होतं. फळ्यावर रोज पाहिलेलं, किंचित डावीकडे झुकणारं. 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना होता आणि त्याखाली आठल्ये गुरुजींनी लिहून ठेवलं होतं, 'पुढील शिक्षणासाठी'. शेजारी पेन्सिलीनं, 'दाखला नेला नाही'.

सुंदराबाईंनी ते शब्द तीनदा वाचले. निकालाच्या दिवशी सगळ्या मुलांची नोंद करताना गुरुजींनी तिचीही केली असणार. पेटी भरल्याचं त्यांना कळलंच होतं. नंतर काय झालं तेही कळलं असेल. पण त्यांनी ते खोडलं नव्हतं. दुसऱ्या मुलींच्या नावापुढे 'घरकाम', 'लग्न', 'गैरहजर' असं दिसत होतं.

"मग आता दाखल्यावर कारण काय लिहू?" श्रद्धा मॅडमनी विचारलं.

"रजिस्टरात हाय तेच लिवा," सुंदराबाई म्हणाल्या. "खोटं कशाला ठरवायचं गुरुजींना?"

शाळेतून बाहेर पडून कातळावरची पायवाट लागल्यावर दर्शना एकदम थांबली. "आक्का, मला बोलू दे. सत्तेचाळीस वर्षं मनात आहे. ती जागा तुझी होती. मी शिकले, नोकरी केली, पेन्शन घेते. दर महिन्याला पासबुक बघताना मला तुझी पेटी दिसते."

सुंदराबाईंनी बहिणीकडे नीट पाहिलं. दर्शनाच्या मनात असं काही असेल हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"बाय माझी," त्या म्हणाल्या, "तू दिवाळीत घरी यायचीस तेव्हा पिशवीत काय आणायचीस?"

"पुस्तकं."

"आठवीचा भूगोल मी भात झोडता झोडता पाठ केलाय. तू चार दिवसांनी परत नेणार म्हणून घाई. नववीचा इतिहास मे महिन्यात. दर आठवड्याला तुझं पत्र यायचं, त्यात वर्गात काय शिकवलं ते सगळं लिहायचीस. तुला कुणी सांगितलं होतं लिवायला?"

"कुणी नाही."

"मंग? तू गेलीस म्हणून तेवढं तरी माझ्यापर्यंत आलं. मी गेली असती नि तू घरात ऱ्हायली असतीस, तर मी इतकी पत्रं लिवली असती काय, देव जाणे. मी आळशीच हाय लिवायला." आणि त्या हसल्या. दर्शना हसता हसता रडायला लागली. दोघी मग तिथंच एका चिऱ्यावर बसल्या. पुन्हा सर येईपर्यंत बसल्या.

ऑगस्टात फॉर्म भरला. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र दर्शनाकडे. विज्ञानासाठी आणि तोंडीच्या तयारीसाठी बोर्डानं नेमून दिलेल्या संपर्क शाळेत महिन्यातून दोनदा जायचं. इंग्रजीसाठी दर्शनानं भिंतीवर शब्द चिकटवले. चुलीपाशी 'फायर', रांजणापाशी 'वॉटर', कोंबड्यांच्या खुराड्यावर 'हेन'. अडलं ते गणितापाशी. दर्शनाला स्वतःलाच बीजगणित धड येत नव्हतं. क्ष आणि य मधून ती दोनदा वाट चुकली, तेव्हा सुंदराबाई म्हणाल्या, "ऱ्हावं दे. मी बघतंय कुणाला तरी."

बघायचं कोणाला हे त्यांना ठाऊक होतं. पण तीन दिवस त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. गुरुप्रसादचं घर बागेच्या तोंडाशी. वीस वर्षं त्या घरापुढच्या खळ्यात त्यांनी पेट्या भरल्या होत्या. पण पडवीची पायरी कधी चढल्या नव्हत्या. कुणी चढू नको म्हटलं नव्हतं. या म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या आईनं तर याच खळ्यात बसून करवंटीतून चहा घेतला होता. ते सुंदरानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी गुरुप्रसादच बाहेर आला. निवृत्त होऊन आता केस पूर्ण पांढरे झाले होते. "काय गो सुंदरा, तीन दिवस बघतोय, येतेस आणि जातेस. कामाचं काही होतं?"

"कामाचं नाय, भाऊ." त्यांनी पिशवीतून दहावीचं बीजगणिताचं पुस्तक काढलं. "ह्याचं होतं."

गुरुप्रसादनं पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठ पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "तू बसतेयस?"

"व्हय. मार्चला."

तो मागं वळला आणि पडवीत आणखी एक खुर्ची आणून ठेवली. "वर ये," तो म्हणाला. "उमा, दोन चहा टाक गं." उमावहिनींनी दोन कप आणले, एकाच नक्षीचे. सुंदराबाईंनी कप उचलला. आईची आठवण आली, आणि त्यांनी चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. चांगला गोड होता.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार वाजता शिकवणी. गुरुप्रसाद शिकवताना उतावीळ व्हायचा. सुंदराबाई मात्र एकदा समजलं की विसरायच्या नाहीत. भूमिती त्यांना आवडायला लागली. कोन, छेदिका, समांतर रेषा हे डोळ्यांना दिसत होतं. बीजगणितावर त्या रागवायच्या. "आकडा हाय तर सरळ आकडा सांगा की. त्याला क्ष कशाला म्हणायचं नि मग त्याला शोधायचं कशाला?"

एका दिवाळीआधीच्या दुपारी उदाहरण तपासता तपासता गुरुप्रसादनं पेन खाली ठेवलं. "सुंदरा, एक सांगू? आठवीत माझा पहिला नंबर आला. घरी पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही. मला माहीत होतं, तू वर्गात नव्हतीस म्हणून आला."

"खाल्ला का नाय? पेढ्यानं काय केलं होतं तुमचं?"

त्याला हसू आलं, पण त्यानं विषय सोडला नाही. "नंतर तू बागेत कामाला यायला लागलीस. तुला बघितलं की मला लाज वाटायची. म्हणून मी कधी बोललोच नाही. ते चुकलंच माझं."

सुंदराबाईंनी वही मिटली. कधी नव्हे ते 'भाऊ' न म्हणता त्या म्हणाल्या, "गुरुप्रसाद, बोलला असतास तर बरं वाटलं असतं मला. ते खरं हाय. पण आज शिकवतोस ना? मी आजचं धरतंय. आता ते सत्ताविसावं उदाहरण दाखव, मला उजेडात सडा ओलांडायचाय."

जानेवारीत हॉल तिकीट आलं. त्यावर माहेरचं नाव होतं, पवार सुंदरा भिकू, आणि खाली आईचं नाव: हौसा. सुंदराबाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं. आईचं नाव कुठल्या कागदावर छापलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. रेशनकार्डावर असेल, पण तेही हातानं लिहिलेलं. "आये, बस आता माझ्या संगती पेपराला," त्या म्हणाल्या.

परीक्षा झाली. अमरदीपनं रजा टाकून आईला स्कूटरवरून ने-आण केली. मराठीच्या पेपरला सुंदराबाईंनी तीन पुरवण्या घेतल्या. सामाजिक शास्त्र तर भाताच्या उडवीपाशी पाठ झालेलं होतं. इंग्रजीला घाम फुटला, पण पत्रलेखन जमलं. बीजगणिताच्या पेपरला मात्र घात झाला. एका समीकरणापाशी त्या अडकल्या आणि सोडेनात. लावणीला उतरलं की हातातला चोंढा, भाताचं खाचर, पुरा झाल्याशिवाय वर यायचं नाही, ही आयुष्यभराची सवय. अर्धवट काम मागं टाकून पुढं जायला हातच वळेना. चाळीस मिनिटं त्या एकाच प्रश्नात गेली. घंटा झाली तेव्हा मागची दोन पानं कोरी होती.

मे महिन्यात दुपारी एकला निकाल लागला. दर्शनाच्या पडवीत अमरदीपनं मोबाइलवर नंबर घातला. पान उघडलं, आणि तो आकडे परत वरपासून वाचायला लागला.

"गणित?" सुंदराबाईंनी विचारलं.

"एकतीस, आई. पस्तीस लागतात."

"नि मराठी?"

"चौऱ्याहत्तर. सामाजिक शास्त्र एकोणसत्तर. इंग्रजी छत्तीस. बाकी सगळ्यात पास आहेस. नुसतं गणित."

दर्शनानं पदर डोळ्यांना लावला. सुंदराबाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण इंग्रजीत छत्तीस! ज्या भाषेतलं अक्षरन् अक्षर बासष्ट वर्षं त्यांना परकं होतं, त्या भाषेत सरकारनं त्यांना पास म्हटलं होतं. हे त्यांना इतकं मोठं वाटलं की त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अमर, वाटेत पेढे घे. पाच विषयांचे."

पेढे घेऊन त्या आधी गुरुप्रसादकडे गेल्या. त्याला निकाल कळला होता. तो पडवीत तोंड पाडून बसला होता. "नापास तू नाही झालीस," तो म्हणाला, "मी झालो."

"नाय हो भाऊ. तुमी शिकवलं ते सगळं येत होतं. मला टाकून पुढं जाता आलं नाय." त्यांनी चाळीस मिनिटांची हकिगत सांगितली.

गुरुप्रसाद ऐकता ऐकता सावरून बसला. मग त्याचा सरकारी स्वभाव जागा झाला. "असं होय? मग जुलैची फेरपरीक्षा आहे. दोन महिने मी तुला फक्त सोडायला शिकवतो."

आणि खरोखर त्यानं तेच केलं. घड्याळ समोर ठेवायचं. एका उदाहरणाला सात मिनिटं. सात झाली की तो टेबलावर टिचकी मारायचा. "सोड." सुंदराबाईंचा जीव तुटायचा. "दोनच पायऱ्या ऱ्हायल्यात, भाऊ." "सोड म्हणतो ना!" उमावहिनी आतून म्हणायच्या, "अहो, ओरडू नका त्यांना." पहिले पंधरा दिवस सुंदराबाई सोडलेल्या गणिताकडे मान वळवून वळवून बघायच्या. मग हळूहळू बघेनाशा झाल्या. एके दिवशी शेतावर असताना दुपारी जेवायच्या वेळी त्या अर्धा चोंढा तसाच ठेवून बांधावर आल्या. शेजारीण येसूबाई थक्क झाली. "तब्येत बरी हाय ना गो?"

"बरी हाय. भूक लागली."

जुलैच्या बीजगणिताच्या पेपरला भर पावसात अमरदीपनं गाडी करून नेलं. तिसऱ्या प्रश्नातल्या एका उपप्रश्नाचं समीकरण अडलं. सुंदराबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, दोन रेघा मोकळ्या सोडल्या, आणि पुढं गेल्या. पेपर वेळेआधी दहा मिनिटं संपला. त्या दहा मिनिटांत मागं येऊन त्यांनी त्या समीकरणाच्या आणखी दोन पायऱ्या लिहिल्या. पुरं झालं नाही. नाही तर नाही.

गणितात त्रेचाळीस मिळाले.

यावेळी दर्शना मोठ्यानं ओरडली, इतकी की शेजारच्या घरातली माणसं काय झालं म्हणून धावत आली. मग गुरुप्रसादला फोन लावला. उमावहिनींनीच फोन घेऊन सांगितलं, "रडतायत. मी नंतर लावते." श्रद्धा मॅडम दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन गेल्या. त्यांनी सुंदराबाईंच्या पायाला हात लावला तेव्हा सुंदराबाईंना इतका संकोच वाटला की त्या मागं सरकल्या आणि भिंतीवर आपटल्या.

वाडीच्या विहारात दरवर्षी दहावी-बारावी झालेल्या मुलांचा सत्कार असतो. त्या ऑगस्टात सात मुलांच्या रांगेत आठव्या सुंदराबाई बसल्या. पांढरी साडी, नवा चष्मा. बुद्धवंदना झाली, मुलांना बोलावून बोलावून बक्षिसं दिली. शेवटी दर्शनानं माइक बहिणीच्या हातात ठेवला. "आक्का, दोन शब्द."

सुंदराबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला. "जय भीम," त्या म्हणाल्या आणि माइक जरा तोंडाजवळ आणला.

"मला कुणावर राग नाय," मग त्या म्हणाल्या. "लोक इचारतात, शाळा सुटली म्हणून राग येत नाय काय? शाळा सुटली त्याचं वाईट वाटलं. लय वाटलं. पण माझ्या आबांनी माझ्यासाठी चार वेळा पायी रत्नागिरी गाठली, त्या काळात पोरीसाठी कोण जात होता? आयेनं पडल्या पडल्या मला पाढे म्हणायला लावले, विसरू नये म्हणून. बहिणीनं पुस्तकं आणली. गुरुप्रसादभाऊंनी मला सोडायला शिकवलं." लोक हसले. गुरुप्रसाद मागच्या ओळीत बसला होता, त्यानं मान खाली घातली. "एवढी माणसं एका सातवी पास बाईच्या मागं उभी ऱ्हायली. आणखी काय पायजे? तुमी पोरांनो, तुमची शाळा रस्त्यापलीकडं हाय. चालत जावा. बास."

टाळ्या वाजल्या. बक्षीस म्हणून सगळ्यांना दिली तशीच एक निळी शाळेची सॅक त्यांनाही मिळाली. आत सहा वह्या आणि कंपासपेटी. वह्या त्यांनी येसूबाईच्या नातीला दिल्या, कंपास स्वतःकडे ठेवली, कारण बुधवारी चार वाजता त्या अजूनही गुरुप्रसादच्या पडवीत भूमिती करायला जातात. परीक्षा नाही, काही नाही. दोघांना वर्तुळं आवडतात म्हणून. सॅक बाजाराला उपयोगी पडते. पूर्णगडहून बांगडे घेऊन सडा चढताना दोन्ही हात मोकळे राहतात, पाठीला ओझंही वाटत नाही. हे आधी का कुणी सांगितलं नाही, असं त्या दर्शनाला परवाच म्हणत होत्या.